रिबेका: एका नावाची कुळकथा

पुण्याच्या रास्ता पेठेत १९२१ साली बांधल्या गेलेल्या 'सुक्कथ शेलोमो' या बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, प्रार्थनामंदिराच्या परिसरात रिबेका हे नाव कानी पडले, म्हणजे ज्या पूर्वजांनी समुद्र ओलांडून कोकणचा किनारा गाठला त्यांच्याच बरोबर ते आले असावे आणि आजीकडून नातीकडे अखंड चालत राहिले असावे, असा ऐकणाराचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. मराठी घरांत हे नाव रुजले ते एकोणिसाव्या शतकात, आणि तेही मुख्यतः छापील पुस्तकाच्या वाटेने.

अलिबागेजवळच्या नौगावाशी गलबत फुटून आपले मूळपुरुष किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची परंपरा आहे. तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या या लोकांना कुलाब्याकडे शनवार तेली म्हणत. गावांवरून त्यांना किहीमकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावे पडली. भाषा, वेष, अलंकार सर्व मराठी झाले, तरी पुरुषांच्या नावांत मूळची खूण टिकून राहिली, कारण आठव्या दिवशी सुंतेच्या विधीत मुलाला हिब्रू नाव देणे अवश्य होते. शमुवेलाचा सामाजी झाला, यहेज्केलाचा हसाजी झाला. मुंबईत १७९६ साली समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे याचे सर्वश्रुत उदाहरण होय. कन्येच्या वाट्याला असा कोणताही विधी नसल्यामुळे तिला पाळण्यात घालताना शेजारणींच्या मुलींचीच नावे ठेवली जात, आणि अशा रीतीने सारा, राहेल, लेआ, रिबेका या आद्य कुलमाता त्यांच्याच लेकींच्या नावांतून शतकानुशतके नाहीशा झाल्या. विधीचा आधार नसलेली स्मृती किती लवकर विरते, याचे याहून स्पष्ट प्रमाण मला ठाऊक नाही.

ही स्मृती परत आली ती कोचीनच्या यहुदी शिक्षकांमुळे आणि, विशेष म्हणजे, ख्रिस्ती मिशनऱ्यांमुळे. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून छापले, मिशनच्या शाळांतून बेने इस्राएल मुले-मुली शिकू लागली, आणि जुन्या कराराच्या कथा त्यांच्या घरी मायबोलीत वाचल्या जाऊ लागल्या. धर्मांतर फारच थोड्यांनी केले. बाकीच्यांना आपलाच पुरातन ग्रंथ मराठीत उपलब्ध झाला. पुढे याच कथा हरिदासी थाटाच्या मराठी कीर्तनांतूनही गाइल्या गेल्या.

मराठी बायबलात हे नाव 'रिबका' असे आढळते. त्याच्या मूळ अर्थाविषयी विद्वानांत एकमत नाही. तथापि त्याच धातूचा एक शब्द हिब्रू शास्त्रात गुरे बांधून पोसण्याच्या जागेसाठी येतो, त्यावरून दावे, बंधन, आणि पुढे मन बांधून ठेवणारी, असा अर्थ लावण्याची प्रथा पडली आहे. राहेल म्हणजे मेंढी, हे ध्यानात घेतले तर मेंढपाळांच्या घराण्यात अशी नावे असणे यथायोग्यच वाटते. पण मराठी मनाला भिडली असेल ती कथा. अब्राहामाचा वृद्ध सेवक धन्याच्या मुलासाठी वधू शोधत विहिरीपाशी येतो. तेथे रिबका त्याला पाणी देते आणि न सांगता त्याच्या दहा उंटांसाठीही पाणी शेंदते. सोयरीक ठरल्यावर तिला बोलावून, या माणसाबरोबर तू जातेस काय, असे विचारले जाते, आणि ती आपल्या तोंडाने होकार देते. ज्या पुण्यात १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून सभा उधळल्या गेल्या, तेथे हा प्रसंग वाचणाऱ्या स्त्रीला तो केवळ प्राचीन आख्यान वाटला नसेल, असे माझे मत आहे.

कंपनी सरकारच्या पलटणींतील सुभेदार, जमादार आणि पुढे दफ्तरांतील कारकून म्हणून बेने इस्राएल पुण्यात स्थिरावले. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जेथे होती त्या जागी भरणाऱ्या, १८८४ साली स्थापन झालेल्या हुजुरपागा या मुलींच्या शाळेत शिमोग्यास जन्मलेली रिबेका रूबेन शिकली, आणि १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत मुलांनाही मागे टाकून पहिली आली. पुढे विलायतेत अध्यापनाचे शिक्षण घेऊन १९२२ ते १९५० अशी प्रदीर्घ वर्षे मुंबईच्या इस्राएली शाळेची धुरा त्यांनी वाहिली, समाजाचे वार्षिक संपादिले, इंग्रजीची क्रमिक पुस्तके लिहिली. एखादे नाव आदराने घेतले जाऊ लागण्यास अशी एक व्यक्ती पुरेशी असते.

मराठी ख्रिस्ती घरांत रिबेका, रूथ, एस्तेर ही नावे दख्खनी आडनावांना सहज जोडली गेली. पुण्याजवळच्या केडगावात तर पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सामान्य बायकांना उमजेल अशा मराठीत आणले; १९२२ साली त्यांचा अंत झाला तेव्हा ते काम हातावेगळे झालेले होते.

युरोपातही स्थिती काहीशी अशीच आहे. इंग्लंडात धर्मसुधारणेनंतर प्युरिटनांनी संतांची नावे सोडून जुन्या करारातील नावे उचलली, तेव्हा रिबेका प्रचारात आले. व्हर्जिनियातील पोकाहॉन्टसला बाप्तिस्म्याच्या वेळी हेच नाव मिळाले, आणि १८१९ साली स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो'तील यहुदी नायिकेने त्याला वाङ्‌मयीन प्रतिष्ठा दिली.

१९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य लोक इस्रायलमध्ये गेले. तेथे हिब्रूत या नावाचा उच्चार 'रिव्का' असा होतो. 'रिबेका' हे रूप ग्रीक भाषांतरातून लॅटिन-इंग्रजीमार्गे मराठीत उतरलेले. म्हणजे लोद आणि दिमोना येथील मराठी घरांतून रिबेकाबाई, रिबेकामावशी अशी हाक मारली गेली, तेव्हा हिब्रूच्या मायभूमीत ते रूप महाराष्ट्राकडून पोहोचले.