भूमीची राखण : खान्देशातील फड पद्धतीचा बोध

परमेश्वराने मनुष्याला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीच्या पुस्तकात (२:१५) सांगितले आहे. भूमी परमेश्वराची असून मनुष्य तिचा केवळ कारभारी होय. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाद्वारे ख्रिस्तसभेला याच जबाबदारीचे स्मरण करून दिले. ही राखण एकट्यादुकट्याने होत नाही; ती गावाने मिळून पाळावयाची शिस्त आहे.

फड पद्धती

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरील फड पद्धती काही शतके जुनी आहे. बंधाऱ्याने अडविलेले पाणी पाटाने शेतात येते. लाभक्षेत्राचे साधारणतः तीन-चार फड पाडलेले असून एका फडात एकच पीक घेतात व पिकांची फेरपालट करतात. बहुधा प्रत्येक शेतकऱ्याची थोडी जमीन प्रत्येक फडात असते. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर तोटा सर्वांत वाटला जातो. पाटकरी पाणी देतो, जागल्या पिके राखतो आणि पंच निर्णय करतात. नदीच्या वरच्या अंगास धरणे झाल्यावर ही पद्धत अनेक ठिकाणी क्षीण झाली.

फादर बाखर यांचे कार्य

धुळे व जळगाव जिल्हे ज्या नाशिक धर्मप्रांतात येतात, त्याच धर्मप्रांतातील अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोट विकासाचे मोठे कार्य केले. स्वित्झर्लंडचे हे धर्मगुरू १९४८ साली भारतात आले. २०२१ साली त्यांचे निधन झाले. माथ्यापासून पायथ्याकडे माती व पाणी अडविणे, त्यासोबत श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी, ही त्या कार्याची सूत्रे होती. येथेही गावाचा संयम हाच पाया होता.

आजचे आव्हान

जळगाव जिल्ह्यातील यावल व रावेर तालुक्यांत केळीसाठी वर्षभर पाणी लागते आणि कूपनलिका खोल जात आहेत. भूगर्भातील पाण्याला मात्र ना पाटकरी आहे, ना पंच. ठिबक सिंचनाने पाणी वाचते. परंतु वाचलेल्या पाण्यावर केळीचे क्षेत्र वाढविले, तर विहिरीला त्याचा लाभ होत नाही. म्हणून किती उपसावे व कोणते पीक घ्यावे, हे गावाने एकत्र बसून ठरविणे आवश्यक आहे. चर्च व शाळांच्या आवारातील पावसाचे पाणी विहिरीत सोडून धर्मग्रामांना आपल्या दारापासून या कार्यास आरंभ करता येईल. १ सप्टेंबर या सृष्टीसाठीच्या प्रार्थनादिनी असा संकल्प सोडणे उचित ठरेल.