गौतमाचा गृहत्याग आणि धर्मानंद कोसंबी

रायपूरला लागून असलेले बीरगांव आज कारखान्यांसाठी ओळखले जाते. तेथून पूर्वेस, महानदीच्या काठी, सिरपूर आहे. हीच दक्षिण कोसलाची प्राचीन राजधानी श्रीपुर. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने १९५३ ते १९५६ या काळात तेथे केलेल्या उत्खननात आनंदप्रभू या भिक्षूचा विहार उजेडात आला. महाशिवगुप्त बालार्जुनाच्या कारकिर्दीतील या विहाराच्या गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतील भव्य बुद्धमूर्ती आहे. मार साक्षीदार मागतो आणि गौतम उजव्या हाताने भूमीलाच साक्षीस बोलावतो, असा त्या मुद्रेचा अर्थ.

साक्ष कोणाची मानायची, हा प्रश्न बुद्धचरित्रकारालाही चुकत नाही. मराठीत तो सर्वांत धीटपणे विचारला धर्मानंद कोसंबी यांनी. १८७६ साली गोव्यातील साखवळ येथे जन्मलेल्या या माणसाला बुद्ध प्रथम भेटला तो ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातून. १८९९ मध्ये पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून ते ज्ञानाच्या शोधात निघाले आणि पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करीत सिंहलद्वीपी जाऊन पाली शिकले. गृहत्यागाचा प्रश्न त्यांच्यापुरता केवळ पोथीतला नव्हता, हे विसरून चालणार नाही.

वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र विरक्त झाला व मध्यरात्री घोड्यावरून निघून गेला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात कोसंबींनी तिचे मूळ दाखविले. दीघनिकायातील महापदानसुत्तात ती विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची म्हणून येते. गौतमाच्या चरित्रात ती मागाहून शिरली. उलट अरियपरियेसनसुत्तात बुद्ध स्वतः सांगतो की, आईबाप अश्रू ढाळीत असताना आपण केस-दाढी उतरवून, काषाय वस्त्रे नेसून घर सोडले. (आई म्हणजे महाप्रजापती गौतमी, मायादेवी प्रसूतीनंतर सातव्या दिवशी वारली असे परंपरा सांगते.) रडणाऱ्यांच्या देखत निघालेला माणूस रात्री पळून गेला नव्हता.

मग तो गेला का? सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्तात उद्वेगाचे कारण आहे. अपुऱ्या पाण्यातील मासळ्यांसारखी तडफडणारी, एकमेकांशी वैर धरणारी माणसे पाहून आपल्याला भय वाटले, असे बुद्ध तेथे म्हणतो. कोसंबींनी याचा संबंध शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याशी जोडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९५७ साली त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला बुद्धचरित्रग्रंथही सिद्धार्थाला याच तंट्यातून परिव्रज्येकडे नेतो.

येथे मात्र जपून पावले टाकावी लागतात. त्या सुत्तात रोहिणीचे नाव नाही. अट्ठकथांत हा तंटा येतो, पण बुद्धत्वानंतर. बुद्ध तेथे जाऊन तो मिटवतो. कोसंबींचा दुवा म्हणजे तर्क आहे, पुरावा नव्हे. तरीही माझ्या मते तो दंतकथेपेक्षा मूळ वचनाच्या अधिक जवळ आहे. ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याचे भय आणि जरामरणाचे भय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यापासून निघालेला धर्म माणसामाणसांतील वर्तनाला हात घालतो, आणि बुद्धाने त्यानंतर पंचेचाळीस वर्षे पायी हिंडून जे सांगितले त्याचा बराच भाग तसाच आहे.

आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडील समाधी गौतमाला अपुरी वाटली. पुढची तपश्चर्या इतकी कठोर की पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागे. मज्झिमनिकायातील महासच्चकसुत्तात हे वर्णन आहे आणि लगेच पुढे एक आठवण आहे. वडील कामात असताना (कोसंबी त्याचा अर्थ शेतीचे काम असा घेतात) जांभळीच्या शीतल छायेत बसलेल्या मुलाला लाभलेले पहिले ध्यान. ज्या घराचा त्याग केला त्याच घरच्या शिवारातील ती सावली वाट दाखवून गेली. गौतमाने अन्न घेतले. ते पाहून पाचही सोबती त्याला सोडून गेले आणि तो एकटाच पिंपळाखाली बसला. सिरपूरच्या शिल्पकाराने कोरला आहे तो त्यानंतरचा क्षण.