कथेतील ‘मी’: सविकल्प समाधी आणि जात्यावरची सीता

कथा वाचताना वाचक स्वतःला तिच्यात कल्पितो, या अनुभवाचा मराठी समीक्षेने केलेला विचार न. चिं. केळकरांच्या सविकल्प समाधीच्या कल्पनेला वगळून सांगता येत नाही. १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून केळकरांनी ती मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, परंतु स्वतःला विसरत नाही. स्वतः राहून दुसरे होण्यात वाङ्मयानंद आहे, हा तिचा मथितार्थ. भट्टनायकाच्या साधारणीकरणात आस्वादकाचे व्यक्तिविशेष गळून पडतात. केळकरांनी ते शिल्लक ठेवले, ही त्यांची भर.

तथापि या उपपत्तींनी गृहीत धरलेला आस्वादक कोण, हे पाहिले पाहिजे. भट्टनायकापुढे नाट्याचा सहृदय प्रेक्षक आहे, केळकरांपुढे छापील ग्रंथाचा सुशिक्षित वाचक. दोघांनाही सवड आहे. कथा त्यांच्यापुढे सिद्ध आहे. तिच्यात शिरणे एवढेच त्यांच्या हाती आहे. परभणी जिल्ह्यातील मौखिक परंपरा या चित्राला छेद देते.

गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईचे गाव. तिच्या नावावरील अभंगांत विठ्ठल दळण-कांडणाला येतो. येथे भक्त देवाच्या कथेत जात नाही. देवच दासीच्या कामात ओढला जातो. तादात्म्याची दिशा उलटी आहे.

हेच सूत्र जात्यावरच्या ओव्यांत दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. १९९०च्या दशकात पूर्णा तालुक्यातील ताडकळस येथे ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत सीतेचा वनवास आहे. रानात रडणाऱ्या सीतेची समजूत घालायला बोरी-बाभळी बायका होऊन येतात. हे अरण्य वाल्मीकीचे नव्हे, ते मराठवाड्याचे काटेरी माळरान आहे. दळणाऱ्या स्त्रीने सीतेच्या जागी स्वतःला कल्पिले, एवढे म्हणून भागत नाही. तिने सीतेला आपल्या शिवारात आणले आणि मूळ कथेने न दिलेल्या सोबतिणी तिला दिल्या. ही कल्पना एकट्या गायिकेची नाही. थोड्याफार फरकाने ती गावोगावी आढळते. म्हणजे कथेत शिरणारा ‘मी’ येथे एकवचनी उरत नाही.

ही निर्मिती झाली, आस्वाद नव्हे. तेव्हा आस्वादाच्या उपपत्तीला तिने बाध येत नाही, असा आक्षेप येऊ शकेल. परंतु सीतेची कथा या स्त्रियांनी रचलेली नाही. ती त्यांनी ऐकली, मग गायिली. त्यांची ओवी ही त्यांच्या श्रवणाची साक्ष आहे. छापील कादंबरीत स्वतःला कल्पिणारा वाचक पुस्तक मिटतो आणि त्याच्या कल्पनेचा माग राहत नाही. म्हणूनच त्याच्याविषयी समीक्षेला अनुमानावर विसंबावे लागते. ओवीत मात्र हे कल्पिणे शब्दरूप झाले आहे. आस्वादाच्या इतिहासाला इतका प्रत्यक्ष पुरावा क्वचितच मिळतो.

या पुराव्याने केळकरांची कल्पना रद्द होत नाही, पण अपुरी ठरते. दळणारी स्त्री सीता होताना स्वतःला विसरत नाही, येथपर्यंत केळकर बरोबर आहेत. मात्र तिच्या बाबतीत हे न विसरणे केवळ आनंदाची अट नाही. कथा बदलण्याचे ते बळ आहे. सीतेच्या त्यागाचा निवाडा तिला फिरवता येत नाही, पण सीतेला एकटी न सोडणे तिच्या हाती आहे.

पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओवीचा प्रसंग संपला. संकलनात उरले ते शब्द आणि आवाज. त्यांना केवळ लोकसाहित्याच्या दालनात ठेवून आस्वादमीमांसा ग्रंथवाचकापुरती राखली, तर ज्यांनी कथा सर्वाधिक काळ अंगावर वागवली त्यांनाच वाचकाच्या व्याख्येतून वगळल्यासारखे होईल.