श्रुतिमापन
स्वरांमधील सूक्ष्म अंतरे कंप्रतेने (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येने) निश्चित करण्याचा प्रयत्न. ध्वनी म्हणजे माध्यमातून तरंगरूपाने पसरणारी कंपने. स्वराची उच्चनीचता मुख्यतः कंप्रतेवर अवलंबून असते, तथापि तिची जाणीव अंतःकर्ण व मेंदू यांच्याद्वारे होते. भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या २२ श्रुती सांगितल्या आहेत. त्यांची कंप्रता मात्र दिलेली नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीमखाँ यांच्या गायनाचे साहाय्य घेऊन व तारेवर स्वर ताडून पाहून १९१० मध्ये या श्रुतींची गुणोत्तरे प्रसिद्ध केली. षड्ज २४० कंपनांचा धरल्यास ५:४ या प्रमाणातील गंधार ३०० कंपनांचा, तर ८१:६४ या प्रमाणातील ३०३·७५ कंपनांचा येतो. हा फरक तयार कानास कळतो. त्यामुळे देवलांचा उद्योग निव्वळ आकडेमोडीचा म्हणता येत नाही. न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांनी याच विचाराच्या आधारे श्रुतिपेटी करविली. परंतु बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत (१९१६) तिच्यावर आक्षेप घेण्यात आले. विष्णु नारायण भातखंडे यांनाही ही उपपत्ती मान्य नव्हती. पुढे १९६३ मध्ये नझीर जयरझभॉय व ए. डब्ल्यू. स्टोन यांनी यंत्राने केलेली स्वरमापने प्रसिद्ध केली. त्यांत एकच कलावंत एकाच रागातील तोच स्वर थोड्या निरनिराळ्या उंचीवर लावतो, असे आढळले.