घराबाहेर पडलेले शरदबाबू

शरच्चंद्र चट्टोपाध्याय म्हटलं, की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक घर उभं राहतं. बंगालमधल्या खेड्यातलं, नात्यागोत्यांनी भरलेलं. त्यात रुसणारा दीर असतो, सगळं सोसणारी वहिनी असते, आणि पदरानं डोळे टिपता टिपता अख्खं घर पेलणारी एखादी बाई असते. मामा वरेरकरांनी हे जग मराठीत आणलं आणि ते इतकं आपलं होऊन गेलं, की शरदबाबू मूळचे बंगाली याचाच पुष्कळांना विसर पडला. आमच्या मोहल्ल्यात 'देवदास'ची गोष्ट मी दखनीत सांगितली आहे, आणि ऐकणाऱ्या बायांनी पारोच्या सासरच्यांना मनसोक्त शिव्याही दिल्या आहेत.

'परिणीता' १९१४ ची, 'देवदास' १९१७ ची, 'दत्ता' १९१८ ची. वाचकांनी शरदबाबूंना मनात एक जागा देऊन टाकली होती. ती जागा माजघराच्या उंबऱ्यावरची होती. तिथं बसून त्यांनी जन्मभर लिहिलं असतं तरी कुणाची तक्रार नव्हती.

या लेखकानं १९२६ च्या ऑगस्टमध्ये एक कादंबरी प्रसिद्ध केली, तिच्यात हे माजघर जवळजवळ नाहीच. तिचं नाव 'पथेर दाबी'. दाबी म्हणजे दावा, हक्क. माणसाला त्याच्या वाटेनं चालण्याचा हक्क. कादंबरीतल्या क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनेचंही हेच नाव आहे. कथा घडते रंगूनमध्ये. शरदबाबू १९०३ ते १९१६ ब्रह्मदेशात होते, रंगूनमध्ये कारकुनी करत होते. त्यामुळे तिथलं बंदर, कचेऱ्या, मजुरांच्या चाळी त्यांना पाठ होत्या. आणि लिहीत होते तेव्हा ते हावडा जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते! गांधीजींच्या पक्षाचा जिल्हाध्यक्ष सशस्त्र क्रांतिकारकाला नायक करून कादंबरी लिहितो, ही गोष्टच मोठी गमतीची आहे.

हा नायक सव्यसाची. डॉक्टर, अनेक भाषांचा जाणकार, देशोदेशींच्या पोलिसांना हवा असलेला. त्याच्या वेषांतराचा प्रसंग मी कितीदा वाचला असेन. रंगूनच्या पोलीस ठाण्यात गिरीश महापात्र नावाचा एक खोकणारा, खंगलेला इसम आणला जातो. अंगात इंद्रधनुषी रंगाचा जपानी रेशमी सदरा, पायांत हिरवे मोजे, केसांना लिंबाच्या तेलाचा घमघमाट. झडतीत खिशातून गांजाची चिलीम निघते. म्हणतो, मी ओढत नाही हो, वाटेत सापडली, कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून उचलली. पोलीस हसतात आणि सोडून देतात. साम्राज्याला हुलकावणी देणारा माणूस शरदबाबूंनी असा बहुरूप्यासारखा रंगवला आहे.

याच कादंबरीत आपला एक मराठी माणूस आहे, रामदास तलवारकर. नायकाइतकंच महत्त्व असलेला अपूर्व नावाचा बंगाली तरुण ज्या कचेरीत नोकरीला लागतो, तिथला हा त्याचा सहकारी. अपूर्व सोवळ्याओवळ्याचा, घरदार दूर कलकत्त्याला. तेव्हा तलवारकरची बायको आग्रह धरते, की तुमच्या घरची कुणी बाई येईपर्यंत या धाकट्या बहिणीच्या हातचं गोडधोड रोज घेतलंच पाहिजे. आणि कचेरीतला एक ब्राह्मण शिपाई ते रोज घेऊन येतो. पाहा, क्रांतीच्या कादंबरीतही शरदबाबूंना डबा पोहोचवल्याशिवाय राहवत नाही!

माझं म्हणणं हेच आहे. शरदबाबूंनी विषय बदलला, गाव बदललं, नायक बदलला, पण हात तोच ठेवला. पुढे अपूर्व फितूर होतो, संघटना त्याला देहदंड ठरवते, आणि सव्यसाची त्याला वाचवतो. कशासाठी? भारती नावाच्या मुलीचं त्याच्यावर प्रेम आहे म्हणून. हे राजकारण नव्हे, हा माजघरातला न्याय आहे. टीकाकारांनी याला भाबडेपणा म्हटलं तरी चालेल. पण याच भाबडेपणानं, पत्रकबाजी कधीच न वाचणारा वाचक या पुस्तकापाशी आला.

एका जागी मात्र माझं सव्यसाचीशी जमत नाही. कादंबरीत शशी नावाचा कवी आहे, दारू पिणारा, व्हायोलिन वाजवणारा. सव्यसाची त्याला सांगतो, शेतकऱ्यांची गाणी लिहू नकोस, शिकलेल्यांसाठी लिही, क्रांती तेच करतील. कवीला असं नेमून दिलेलं मला कधीच रुचलं नाही.

'बंगवाणी' मासिकात १९२३ पासून ही कादंबरी क्रमशः येत होती. पुस्तक काढायचं धाडस केलं ते सर आशुतोष मुखर्जींचे चिरंजीव उमाप्रसाद यांनी. हिमालयाची प्रवासवर्णनं लिहून पुढे नावाजले ते हेच. जानेवारी १९२७ मध्ये सरकारनं पुस्तक राजद्रोही ठरवून जप्त केलं.

शरदबाबू गेले रवींद्रनाथांकडे. जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये 'सर' हा किताब नाकारणारा माणूस निषेधाचा शब्द उच्चारेल, ही अपेक्षा काही चुकीची नव्हती. रवींद्रनाथांनी पुस्तक वाचलं आणि पत्रानं नकार कळवला. त्यांचं म्हणणं असं : पुस्तक वाचकाचं मन इंग्रज राजवटीविरुद्ध पेटवतं. तसं लिहिणं लेखकाला कर्तव्य वाटत असेल तर लिहावं, पण मग शिक्षेबद्दल कुरकुर करू नये. लेख लिहिला असता तर त्याचा परिणाम थोडा आणि थोड्या काळाचा झाला असता. पण तुझ्यासारखा कथाकार गोष्टीतून सांगतो तेव्हा ते घरोघर जातं आणि टिकतं. तेव्हा सरकारनं काहीच केलं नसतं, तर ती तुझी उपेक्षाच ठरली असती.

एका लेखकानं दुसऱ्याच्या ताकदीची दिलेली याहून मोठी पावती मला माहीत नाही. आणि ज्याला ती मिळाली त्याला ती किती झोंबली असेल, तेही कळतं. शरदबाबूंनी संतापून उत्तर लिहिलं. मी जाणूनबुजून खोटं लिहिलेलं नाही. शिक्षा भोगीन, पण म्हणून निषेध करायचाच नाही का? ते पत्र त्यांनी पाठवलं नाही. रवींद्रनाथांचं वाचन अचूक होतं, पण निष्कर्षात मी शरदबाबूंच्या बाजूचा आहे. सरकारला पुस्तकाची भीती वाटणं हा पुस्तकाचा मान असेल, पण म्हणून इतर लेखकांनी गप्प का बसावं? रवींद्रनाथांनी स्वतः १९३४ मध्ये 'चार अध्याय' लिहिली, तीही क्रांतिकारकांवरच. तिचा सूर मात्र उलटा होता.

कादंबरी बारा वर्षं बंदीत राहिली आणि चोरून वाचली गेली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. 'महेश' या कथेत गफूर नावाच्या गरीब मुसलमान शेतकऱ्याचं बैलावरचं प्रेम याच शरदबाबूंनी लिहिलं, १९२२ मध्ये. आणि १९२६ मध्ये, म्हणजे 'पथेर दाबी'च्याच साली, हिंदू-मुसलमान प्रश्नावर त्यांनी जे भाषण केलं, ते मुसलमानांविषयी इतकं कडवट आहे की आजही वाचताना मला लागतं. 'पथेर दाबी'वरची बंदी उठली ती १९३९ मध्ये, बंगालमध्ये फजलुल हक यांचं मंत्रिमंडळ असताना. दुसरी आवृत्ती त्याच वर्षी निघाली. शरदबाबू तेव्हा नव्हते. १६ जानेवारी १९३८ रोजी ते कलकत्त्यात वारले होते.