शब्दांचा नकाशा : माक्स डेन ते ग्रोमोव्ह

दोन वाक्ये एकच अर्थ सांगतात की नाही, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात रोजचाच. गणितात त्याचा एक सख्खा भाऊ आहे. तो माक्स डेन या जर्मन गणितज्ञाने १९११ साली मांडला आणि पुढे त्याला 'शब्दसमस्या' हेच नाव रूढ झाले. साहित्याच्या अभ्यासकांनी हा इतिहास वाचावा असे आम्हांस वाटते, आणि ते केवळ नावाच्या साम्यामुळे नव्हे.

'क' म्हणजे पूर्वेस एक पाऊल आणि 'ख' म्हणजे उत्तरेस एक पाऊल, असे मानू. दोहोंची उलटी पावले हीही अक्षरेच. नियम एकच : 'कख' आणि 'खक' समान. पूर्व, उत्तर, पश्चिम, दक्षिण हा चार अक्षरांचा शब्द निघाला तिथेच परततो; म्हणजे तो काहीच बोलत नाही. अक्षरे व नियम यांतून उभ्या राहणाऱ्या अशा व्यवस्थेस गणिती 'गट' म्हणतात. दिलेला शब्द असा 'मुका' आहे की नाही हे ठरविण्याची खात्रीची रीत कोणती, हा डेन यांचा प्रश्न.

डेन यांनी गटाचा नकाशा काढला : प्रत्येक घटक एक ठिकाण, प्रत्येक अक्षर एक रस्ता. आपल्या उदाहरणाचा नकाशा म्हणजे चौकटींची जाळी. जवळून पाहता चौक आणि गल्ल्या दिसतात, फार दुरून मात्र अखंड पठार. दोहोंतील अंतरे तंतोतंत जुळत नाहीत, परंतु ठरावीक पटीपलीकडे ती चुकतही नाहीत.

दोन मेदूवडे एकमेकांस चिकटवावेत तशा, दोन वा अधिक भोकांच्या पृष्ठभागावर बंद वाटा रेखल्या तर त्यांचाही गट होतो. त्याचा नकाशा दुरून अपास्तीय भूमितीसारखा भासतो. तिथे त्रिज्या वाढेल तसा वर्तुळाचा परीघ भराभर फुगतो. अशा गटांतील मुक्या शब्दात नियमाचा अर्ध्याहून मोठा तुकडा कुठेतरी सापडतोच, हे डेन यांनी १९१२ साली दाखविले. तो काढून उरलेला लहान तुकडा उलटा करून बसवावा. शब्द आखूड होत होत संपतो. सर्वच गटांसाठी मात्र अशी कोणतीही रीत असू शकत नाही, हे नोविकोव्ह यांनी १९५५ साली सिद्ध केले. आमच्या मते, यानेच मूळ प्रश्नाची खोली उघड झाली.

ते पाहावयास डेन नव्हते. ज्यू असल्याने १९३५ साली नाझी राजवटीत त्यांचे फ्रँकफुर्टचे अध्यापकपद गेले. १९३९ साली ते नॉर्वेस गेले. तिथेही जर्मन फौजा पोहोचल्यावर सायबेरिया आणि जपानमार्गे अमेरिकेस. १९४५ पासून ते ब्लॅक माउंटन कॉलेजात गणित व तत्त्वज्ञान शिकवीत आणि १९५२ साली तिथेच निवर्तले. चार्ल्स ओल्सन आदी कवींमुळे हे कॉलेज वाङ्मयेतिहासात मानाने नोंदले जाते. तिथल्या गणितज्ञाचा उल्लेख क्वचितच आढळतो.

१९८७ साली मिखाईल ग्रोमोव्ह यांनी अपास्तीय गटांवर दीर्घ निबंध लिहिला. या शाखेचा आरंभ अनेकदा तिथूनच धरतात. आम्हांस ते अन्यायाचे वाटते. ग्रोमोव्ह यांनी जवळचा तपशील सोडून दुरून दिसणारा आकार तेवढा घेतला. नकाशावर त्रिकोण कितीही मोठा काढला, तरी एका बाजूवरून उरलेल्या दोहोंपैकी एखादीवर जावयास ठरावीक पावलांहून अधिक लागू नयेत, एवढीच त्यांची अट. डेन यांची शब्द आखूड करण्याची रीत चालते ते गट नेमके हेच.