ठासणीची बंदूक आणि भातकापणी

विधानसभेच्या गेल्या तीन निवडणुकांच्या तारखा बघा. २०१४ चं मतदान १५ ऑक्टोबरला, २०१९ चं २१ ऑक्टोबरला, २०२४ चं २० नोव्हेंबरला. आचारसंहिता त्याच्या महिनाभर आधीपासून. आता कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, भात कापायला कधी येतं? आणि डुकरं शेतात कधी उतरतात? दोन्हीचं उत्तर त्याच दिवसांत सापडेल. आमच्या काकांची शेतीसंरक्षणाची बंदूक पोलीस ठाण्यात जमा कधी होते, ते वेगळं सांगायला नको.

बंदूक आजोबांची. ठासणीची. तिला काडतूस नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, गजाने ठासायचं, मग शिसं, परत बोळा. शेवटी मागे केप बसवायची. प्रत्येक बार माणसाने स्वतःच्या हाताने भरायचा, आणि काय भरायचं तेही त्यानेच ठरवायचं. बहुतेक रात्री नुसती दारू आणि बोळा, म्हणजे फक्त आवाज. साळिंदरासाठी बारीक छर्रे, डुकरासाठी एकच जड गोळी. एका नळीत तीन बंदुका म्हणा ना!

पण यातला धोका मोठा. भरलेली आणि रिकामी बंदूक बाहेरून सारखीच दिसते. भरलेली आहे हे विसरून कुणी वर दुसरा बार ठासला तर नळी फुटते. म्हणून आजोबांनी गजावर खूण कोरली होती. रिकाम्या नळीत गज त्या खुणेपर्यंत आत जायचा, भरलेल्या नळीत चार बोटं वर राहायचा. राखणीला निघताना रोज गज घालून बघणार. आणि आम्ही पोरं जवळ गेलो की, "बंदूक भरलेली आसा, हात लाव नको रे!"

अमेरिकेतल्या शेतकऱ्याचीही हीच गरज होती. तिथे काडतुसं आली तरी ती घरी, हाताने भरायची सवय गेली नाही, आजही आहे. शरद ऋतूत हरणाची शिकार आणि उन्हाळ्यात ग्राउंडहॉग, म्हणजे बिळं करून शेत पोखरणारा, पीक खाणारा एक जाडजूड प्राणी. हरणाला जड गोळी लागते. ग्राउंडहॉगला हलकी आणि वेगवान, कारण ती सरळ जाते आणि आदळताच फुटते, उसळून शेजाऱ्याच्या गोठ्याकडे जायची भीती कमी. दोन बंदुका घेणं प्रत्येकाला परवडत नाही. मग हरणाच्याच रायफलसाठी हलकी गोळी घरी भरायची.

१९५५ मध्ये विंचेस्टर आणि रेमिंग्टन या दोन कंपन्यांनी एकाच व्यासाच्या गोळीची दोन नवी काडतुसं आणली. फरक होता नळीतल्या आट्यांच्या पिळात. विंचेस्टरच्या नळीत गोळी १० इंचांत एक फेरा घ्यायची, रेमिंग्टनच्या नळीत १२ इंचांत. जड, लांब गोळीला जास्त पीळ लागतो, नाहीतर ती हवेत डळमळते. विंचेस्टरने ८० ग्रेनची हलकी आणि १०० ग्रेनची हरणाची, अशा दोन्ही गोळ्या दिल्या. (१५ ग्रेन म्हणजे साधारण एक ग्रॅम.) रेमिंग्टनची रायफल हलक्या गोळीला छान, पण १०० ग्रेनला तिच्यावर कुणाचा भरवसा बसेना. लोकांनी विंचेस्टर उचलली. शेवटी १९६३ मध्ये रेमिंग्टनला पीळ वाढवून, काडतुसाचं नावसुद्धा बदलून परत बाजारात यावं लागलं.

म्हणजे तिकडे गिऱ्हाईकाने कंपनीला आपली बंदूक दुरुस्त करायला लावली. आमच्या आजोबांनी कुठली बंदूक वापरायची, ते मात्र सरकारने ठरवलं.

१८५७ नंतर इंग्रजांनी मुलूख निःशस्त्र करायला घेतला आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने शस्त्र कायदा आणला. देशी माणसाला परवाना, युरोपियनाला सूट. हेच साहेब घोडा पळेल अशा मुलखात डुकराला गोळी घालणं कमीपणाचं मानत. तिथे भाला घेऊन पाठलाग हवा! शेत कुणाचं तुडवलं जातंय याची फिकीर कुणाला? खेड्यात सैन्यभरतीसाठी फिरणाऱ्या गांधींनीही १९१८ च्या पत्रकात या कायद्याला ब्रिटिश राज्याचं सगळ्यात काळं कृत्य ठरवलं होतं.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. त्याचं कलम १३ शेतकऱ्याची आठवण ठेवतं, पण कशी? खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ती पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी. सगळ्यात जुनी, सगळ्यात सावकाश भरणारी आणि भरताना सगळ्यात जास्त सांभाळावी लागणारी बंदूक शेतकऱ्याच्या वाट्याला. मग १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला. तो यायलाच हवा होता, जंगलं रिकामी होत होती. पण आता डुक्कर मारायचं तर कलम ११ खाली आधी परवानगी, आणि मेलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता. परवाना एका खात्याचा, डुक्कर दुसऱ्या खात्याचं. रात्री दोन वाजता कळप शेतात शिरल्यावर यातलं कोणतं खातं जागं असतं?

यावर निवडणूक. आयोगाच्या सूचना सरसकट जप्तीच्या नाहीत बरं का. छाननी समितीने परवाने तपासून, गरज असेल त्याची बंदूक जमा करून घ्यावी, असं त्यात आहे. काकांवर आयुष्यात एक गुन्हा नाही, तरी दरवेळी निरोप येतो, "बंदूक घेऊन या." २०२४ लाही आला. त्यांनी सातबारा दाखवला, भात उभं आहे म्हणून सांगितलं. पावती मिळाली.

निकालानंतर बंदूक परत आली, तेव्हा खळ्यात जे यायचं ते येऊन गेलं होतं. काकांनी गज नळीत घालून बघितला. खुणेपर्यंत गेला. मग तिला खुंटीवर अडकवून ते बांधावरचा पत्र्याचा डबा आणायला गेले. त्या महिन्यात राखण त्यानेच केली होती.